दादारावांनी पोर्तुगालची गल्ली तपासली

बीडला आमचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, हंडा घेतं, वाजवून बघतं, भावावरून माझं डोकं खातं आणि घरी जातं. दादाराव पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी स्टीलचा नवाकोरा हंडा घेतला, घासाघीस न करता पैसे दिले, पायऱ्या उतरले, हंडा भर गल्लीत विजेच्या खांबाशी ठेवला आणि परत येऊन माझ्याच बाकड्यावर बसले.

"काय झालं? गळका निघाला का?" मी विचारलं.

"न्हाई. चांगला हाय."

"मग रस्त्यात कावून ठेवला?"

"बघतो. काय होतंय."

दोन तास बसले हो! एका गाईनं हंड्यात तोंड घालून बघितलं. एक मोटरसायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला. शेवटी समोरच्या शिलाईवाल्या काकू बाहेर आल्या, हंडा उचलून भिंतीकडेला ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "कुणाचा हाय रे हा? चेपंल की!" दादारावांनी खिशातून डायरी काढली, दोन ओळी लिहिल्या आणि मला म्हणाले, "अप्पा, हितं खोली घ्यायला हरकत न्हाई."

आठवडाभरात ते बायको आणि मुलगी घेऊन आमच्या गल्लीत राहायला आले. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मुलगी सुजाता तेव्हा बीडला नर्सिंगला होती.

दादाराव सहकारी दूध संघात रूट सुपरवायझर होते. पहाटेच्या टेम्पोत बसायचं आणि गावोगावच्या संस्थांचं दूध गोळा करत फिरायचं, ही नोकरी. टेम्पो यायच्या आधीच लोक दुधाचे कॅन फाट्यावर ठेवून रानात निघून जात. कॅनजवळ कुणी नाही, आणि आत चाळीस लिटर दूध. कुठल्या फाट्यावर कॅन जागचा हलत नाही, कुठं झाकण उघडलेलं सापडतं, यावरून या माणसानं अख्ख्या जिल्ह्याची प्रतवारी लावून ठेवली होती. लिंबागणेशला पहिला नंबर. शेवटचा नंबर कुणाला, ते मी सांगणार नाही. तिथलं गिऱ्हाईक माझ्याकडं येतं.

"आन दुष्काळात तर अप्पा, लई मजा," ते सांगायचे. "दुधाचा कॅन दिवसभर ठिवा, कुणी बघत न्हाई. पाण्याचा ठिवा, पाठ फिरवली की गेला."

त्यांना मजा वाटत नव्हती. या माणसाला कशातच मजा वाटत नाही. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढणार, कोपऱ्यापर्यंत जाणार, परत येणार, आणि मला म्हणणार, "अप्पा, तुमी एकदा ओढून बघा." एसटीत बसायच्या आधी मागचं संकटकाळी उघडायचं दार उघडून बघणार. एका कंडक्टरनं त्यांना गाडीतून उतरवलं होतं. दूध घेताना, औषध घेताना, देवळापाशी चप्पल काढताना एकच प्रश्न: "खात्री केलती का?" आमच्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी ते गुपचूप हंडा घेऊन नवरदेवाच्या गल्लीत एक दिवस बसून आले. मी चिडलो, बेजार झालो, नाही नाही ते बोललो. पण खोटं कशाला बोलू, ते "हरकत न्हाई" म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं.

हे हंड्याचं खूळ कुठून आलं, ते एकदा त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं. बिचारी आता नाही, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा हे लोक शिरूर कासारला राहत. दुष्काळाचं साल. अर्धी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. त्यातच ही बाई तापानं फणफणून बीडच्या दवाखान्यात, दादाराव रूटवर, आणि घरी सात-आठ वर्षांची सुजाता एकटी. पोरीनं टँकरच्या रांगेत हंडा लावला आणि शाळेची वेळ झाली म्हणून तशीच गेली. घरचं पाणी संपलेलं. दादारावांना वाटेत गावच्या कुणाकडून हे कळलं तसा त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. संध्याकाळी धावतपळत आले, तर हंडा काठोकाठ भरून दारात, वर ताटली झाकलेली. कुणी भरला? त्यांनी उघड्या असलेल्या प्रत्येक दाराला विचारलं. एकानंही "मी" म्हटलं नाही.

"चोरी न होणं म्हंजी काय सुरक्षित न्हाई अप्पा," दादाराव म्हणतात. "तो निव्वळ आळस बी असू शकतो. हात लावणारा पायजे, आन त्याचा हात चांगला पायजे."

तर आता खरी भानगड सांगतो. सुजाता गेली चौदा वर्षं जर्मनीत दवाखान्यात नर्स आहे. लग्न केलं नाही. तिची सगळी रजा इतकी वर्षं बीडच्या वाट्याला. गेल्या उन्हाळ्यात तर ती आली आणि रजाभर टँकरमागं हंडे घेऊन पळाली. जाताना हाताला घट्टे. दादारावच म्हणाले तिला, "पुढच्या उन्हाळ्यात येऊ नको बाई. कुठं तरी गारव्याला जा." पोरीनं ते मनावर घेतलं. या एप्रिलमध्ये तिनं कळवलं की पोर्तुगाल देशात समुद्राकाठच्या एका खेड्यात दोन खोल्यांचं घर बघितलंय, सुट्टीत राहायला.

"सुट्टीला वेगळं घर?" मी म्हणालो. "हितं राहायच्या घराला दोन दिवसांआड पाणी न्हाई."

दादाराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "अप्पा, ती म्हणती, बाबा तुमी हो म्हणल्याबिगर घेत न्हाई. घरमालकानं महिनाभर भाड्यानं राहून बघायला दिलंय म्हणं. आता मी हितं, गल्ली तिथं. पाहणी करायची कशी? एकटी बाईमाणूस. काय झालं, वराडली, तर येणार कोण?"

त्यांच्याकडं बटणाचा फोन. म्हणून पाहणी माझ्या मोबाइलवर, माझ्या दुकानात, रोज चार वाजता. आमचे चार म्हणजे तिचे साडेअकरा. मी काउंटरवर भगुण्याला टेकून मोबाइल उभा करायचा आणि यांनी स्टुलावर ताठ बसून पोर्तुगाल तपासायचं.

"सुजे, कुत्री दाखव."

"कुत्री, बाबा?"

"गल्लीतली. कुठं झोपल्यात? रस्त्याच्या मधी का भिताडाला?"

तिनं मोबाइल फिरवला. एक तांबडं कुत्रं भर रस्त्यात पाय ताणून पडलेलं. दादारावांनी डायरीत लिहिलं. कुत्रं मधोमध झोपतं, म्हणजे माणसं दगड मारत नाहीत. मग दारं. किती उघडी, किती बंद? बाया उंबऱ्यावर बसतात का? दिवा कोणत्या घरात आधी लागतो? दवाखाना चालत किती? सगळ्या गल्लीत सुट्टीपुरतीच माणसं येणार असतील तर बाकीचे दहा महिने काय? हा शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. कुलपांची गल्ली त्यांना माहीत होती.

"बाबा, इथं गुन्हेच होत नाहीत. आकडेवारी आहे सरकारी. पाठवू का?"

"आकडे नको सांगू. आकडा हापिसात बसून भरता येतो. मी भरलेत."

पाचव्या दिवशी व्हायचं तेच झालं. परदेशातल्या त्या गल्लीत बादली ठेवली गेली. हंडा तिथं मिळेना. सुजातानं मोबाइल खिडकीत ठेवला आणि आम्ही दोघं बीडमधून पोर्तुगालची एक निळी बादली बघत बसलो. गिऱ्हाईक आलं, "कुकरची शिट्टी द्या," म्हणालं. मी म्हणालो, "थांब." तेही बघायला लागलं. समुद्राचा वारा सुटलेला. बादली डुलायला लागली, आडवी झाली, घरंगळली. दादारावांनी माझं मनगट धरलं.

समोरच्या दारातून काळ्या कपड्यातली एक म्हातारी निघाली. बादली पकडली, उभी केली, मग इकडंतिकडं बघून एक धोंडा उचलून आणला आणि आत ठेवला, वाऱ्यानं पुन्हा जाऊ नये म्हणून. वर सुजाताच्या खिडकीकडं बघून हात हलवत लांबलचक काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, पण ती झापत होती हे कळलं. आमच्या शिलाईवाल्या काकूंचाच सूर.

दादारावांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"झालं ना?" मी म्हणालो. "आता म्हणा हो."

"एका म्हातारीवर कसं? ती उद्या न्हाई राहिली तर?"

आणि पाहणी पुढं चालू! तीन आठवडे झाले. कधी पाठीमागची बोळ, कधी न्हाणीघराची कडी, कधी समुद्र किती पावलांवर. बादल्या तीनदा ठेवून झाल्या. त्या म्हातारीनं तिसऱ्यांदा बादली सरळ आपल्या घरात नेली आणि सुजाताला जेवायला बोलावलं. तरी हे "बघू" म्हणतात. माझी चारची गिऱ्हाइकी बसली. मी शेवटी सुजाताला संदेश टाकला: बाई, एकदाचं ठरव, तुझा बाप वाळत चाललाय आणि माझं दुकानही.

तिचं उत्तर आलं. "अप्पाकाका, सही जानेवारीतच झाली. घर माझंच आहे. बाबांना सांगू नका. चौदा वर्षं फोनवर 'जेवलीस का' आणि 'ठिवतो' याच्यापलीकडं आमचं बोलणं गेलं नाही. आई गेल्यावर तर तेही कमी. आता रोज पाऊण तास बोलतात. भांडतात सुद्धा. अजून थोडे दिवस फोन द्याल का?"

मी दोन दिवस गप्प राहिलो. माझ्यासारख्या माणसाला दोन दिवस म्हणजे फार. तिसऱ्या दिवशी दादाराव पावणेचारला आले, स्टूल पुसलं, म्हणाले, "आज जिन्याचा कठडा हलवून बघायला सांगतो." माझी सटकली.

"अहो काय कठडा घेऊन बसलात! कशाला त्या पोरीला छळता? लोकं काय, सगळी चोर आहेत का दुनियेत? खामखा भ्यायचं आणि दुसऱ्याला भिववायचं!"

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "अप्पा, घर घेऊन झालंय तिचं."

माझ्या हातातलं उलथनं काउंटरवर पडलं. "कुणी सांगितलं?"

"दुसऱ्याच दिवशी दिसलं की. सैपाकाच्या खोलीत भिंतीला तुमच्या दुकानाचं कॅलेंडर हाय. नव्या खिळ्याला. भाड्याच्या भिंतीला खिळा कोण ठोकू देतं? तुमी देता का भाडेकरूला?"

मी देत नाही. आणि तीन आठवडे मी रोज त्या भिंतीकडं बघत होतो, मला माझंच कॅलेंडर दिसलं नव्हतं.

"मग ही सगळी भीती? नाटकं का?"

"भ्या खरंय अप्पा." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "घर घेतलंय म्हणून तर लई खरंय. रोज वाटतं, आज काय तरी ऱ्हायलं बघायचं. पर एकदा हो म्हणलं, की मग रोज फोन कशाला करंल ती? मला दुसरं काय बोलता येतं? तिच्या आईला यायचं बोलायला. मला गल्ली बघता येती, तेवढंच. शनवारी तिची रजा सपती. आज सगळं बघून झालं तर उद्या मी काय विचारू तिला?"

मी पडलेलं उलथनं उचललं. आमच्या गल्लीत एकोणीस वर्षं राहिलेला हा माणूस रोज मला "खात्री केलती का" विचारतो, आणि हे विचारायला त्याला घरी आता कुणी नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर सुजाता, मागं ऊन, समुद्राची निळी पट्टी. दादाराव ताठ बसले, घसा खाकरला, डायरी उघडली. पान कोरं होतं. त्यांना कठडाही आठवेना. ते नुसतेच बघत राहिले आणि तीही बघत राहिली.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

"हो बाबा."

पुढं काही येईना. आता "ठिवतो" म्हणणार, हे मला दिसलं. मी काउंटरवरून वाकलो आणि त्यांच्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

"सुजाता, ती मागची भिंत लई बुटकी दिसतीया बरं का," मी ओरडलो. "कुणी बी उडी मारंल. आन जर्मनीतल्या तुझ्या खोलीची तर अजून पाहणीच झाली न्हाई! तिथला जिना कसाय? शेजारी कोण? त्याचं काय?"

तिनं डोळ्यांवरून मनगट फिरवलं.

"खरंय काका," ती म्हणाली. "तिथं तर चार मजले आहेत. लई दिवस लागतील."

दादारावांनी मोबाइल माझ्याकडून परत घेतला आणि डायरीत तारीख घातली.