झाडासाठी दहा मेल

चारुदत्त प्रधान भडकले होते. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी टाकी धुण्याबद्दल चोवीस घरांना एक साधा मेल पाठवला, तर उलट एकोणीस मेल आले. 'थँक्स काका.' 'ओके.' 'नोटेड.' आणि तेही प्रत्येकाने सगळ्यांना!

"साडेचारशे मेल झाले गं! यांना काय वाटतं, मेल हवेतून जातो? कुठेतरी मोठमोठी मशीनं दिवसरात्र चालतात. त्यांना वीज लागते, विजेला कोळसा लागतो!"

"अहो, जाऊ द्या ना," भाजी निवडता निवडता कुमुद म्हणाली.

पण बंदराच्या ऑफिसात वीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस, तो कसला जाऊ देतोय! त्यांनी फर्मान काढलं, विनाकारण मेल करणाऱ्याचं नाव नोटीस बोर्डावर लागेल. पहिलं नाव लागलं तिसऱ्या मजल्यावरच्या विनिताचं. बिचारीने काकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्या दिवसापासून सोसायटी चिडीचूप झाली.

पंधरा दिवसांनी अध्यक्ष विश्वजीतचा मेल आला. पार्किंगसाठी गेटजवळचा बदाम तोडायचाय, परवानगी आलीय. रविवारी सहापर्यंत दहा घरांनी मेलने हरकत कळवली, तरच झाड राहील.

काकांचं डोकंच फिरलं. नवीन पनवेलमध्ये ताबा मिळाला तेव्हा आजूबाजूला नुसता मुरूम होता. त्या मुरमात त्यांनी आणि कुमुदने बादल्या ओतून ते झाड जगवलं होतं. त्यांनी लगेच सगळ्यांना लिहिलं, 'हरकत कळवा!' रविवारी त्यांनी विश्वजीतला फोन करून विचारलं, तर साडेपाचपर्यंत एकही हरकत नाही. काका तणतणत तिसऱ्या मजल्यावर गेले.

"झाड तोडतायत आणि तू गप्प?"

"काका, मेल लिहून ठेवलाय," विनिता म्हणाली. "पाठवायला गेले आणि बोर्ड आठवला."

"अगं, खड्ड्यात गेला तो बोर्ड! पाठव आधी!"

मग जिन्यात एकच आरडाओरड सुरू झाली. काका दारं बडवत होते, खालून वॉचमन काशीराम ओरडत होता, "सायेब, वरचे घरात हायत, झोपलेत नुसते!" झोपलेल्यांना उठवून, मोबाइल हातात देऊन, समोर उभं राहून काकांनी मेल पाठवून घेतले. घामाघूम होऊन ते गेटवर आले तेव्हा सहा वाजून गेले होते.

"मोज!" ते मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या विश्वजीतवर खेकसले.

"नऊ."

"आणि मी दहावा!"

"तुमच्या हरकतीचा मेल नाही आला, काका. नुसतं 'हरकत कळवा' आलं."

"माझा? अरे, मीच तर सगळ्यांना उठवलं! माझं मत जगाला ठाऊक आहे. त्यासाठी आणखी एक मेल कशाला जाळायचा?"

"नियम म्हणजे नियम, काका. तुम्हीच शिकवलंत."

काकांनी त्याला सोसायटीच्या कायद्यापासून त्याच्या खानदानापर्यंत सगळं ऐकवलं. उपयोग शून्य. सोमवारी सकाळी करवत चालली. फांद्या टेम्पोत भरून गेल्या आणि काकांच्या गॅलरीत भलतंच ऊन आलं.

कुमुदने चहाचा कप त्यांच्यासमोर आदळला.

"कोळसा तर वाचला ना?" ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.