नागोराव पाण्यावर धावतात

"तुम्ही पाण्यावर पळून दाखवा, त्या दिवशी राहते मी तुमच्या ह्या बोईसरात!" असं म्हणून नर्मदाबाईंनी ट्रंकेचं झाकण दाणकन आपटलं. नागोरावांचा चहा बशीतून धोतरावर सांडला.

नर्मदाबाई नवऱ्यासारख्याच परभणीकडच्या. नवऱ्याला बोईसरच्या पिंपांच्या कारखान्यात फोरमनची नोकरी लागली म्हणून त्या इथे आल्या, आणि आल्या दिवसापासून त्यांचं बोईसरशी पटलं नाही. डबे गंजतात, पापड सादळतात, दारावरून सकाळ-संध्याकाळ मासळीच्या टोपल्या जातात. शेजारणी बोलतात ते यांना कळत नाही, या बोलतात ते शेजारणींना कळत नाही. शेवटी त्यांनी थोरल्या भावाला, खंडेरावांना, बोलावून घेतलं होतं. ते सोमवारी यायचे होते, आणि त्यांच्याबरोबर एकदा गेलेली नर्मदा परत येणारी नव्हे, हे नागोरावांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या माणसाचा बायकोवर भारी जीव होता हो! दुसरा एखादा नवरा असता तर त्याने टोमणा टोमण्यासारखा घेतला असता, दोन दिवस गप्प बसला असता. पण नागोराव पडले मेकॅनिक. एखादी गोष्ट होणार नाही असं कुणी म्हटलं, की त्यांच्या हाताला खाज सुटायची.

"खरंच पळालो तर राहशील?"

"राहीन की! जन्मभर राहीन!"

"बघ हं. शब्दाला पक्की ऱ्हा."

नर्मदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नागोरावांनी महादूला गाठलं. महादू हा त्यांच्या हाताखालचा हेल्पर, जवळच्याच नवापूर गावचा कोळी. "महादू, माणूस पाण्यावर धावू शकतो का रे?"

महादूने घास तोंडातच ठेवला. "सायेब, आमचा आजा, पणजा पाण्यात गेला. बुडालेला मानूस बगलाय, तरंगलेला बगलाय. धावलेला नाय बगला."

"कुणी जोर लावून प्रयत्न केला नसेल. हे बघ, सोपं आहे. एक पाय बुडायच्या आत दुसरा टाकायचा. दुसरा बुडायच्या आत पहिला उचलायचा."

महादूने विचार केला. त्याला यात चूक सापडेना, हेच पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ. उलट त्याला आठवलं की खाडीत निवटी नावाचे बोटभर मासे असतात, ते भ्यायले की पाण्यावरून टणाटण उड्या मारत पळतात. नागोराव त्याच संध्याकाळी सायकल मारत नवापूरला गेले, खाडीकाठी उकिडवे बसून त्यांनी निवट्या बघितल्या आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. "ह्याला पायसुद्धा नाहीत, महादू! आपल्याला चांगले दोन आहेत!"

मग तयारी सुरू झाली. पाय रुंद हवा म्हणून नागोरावांनी भंगारातल्या प्लॅस्टिकच्या पिंपांची दोन झाकणं घेतली, त्यांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे मारले आणि ती चपलांसारखी घालून कारखान्यातल्या पाण्याच्या हौदावर एक चाचणी घेतली. पहिल्याच पावलाला ते तळाशी गेले. पण दोष निघाला तो हौदाचा. "लांबून पळत यायला जागा कुठं आहे इथं?" असं त्यांनी निथळत निथळत वॉचमनला समजावून सांगितलं.

महादूने घरी गेल्यावर आपल्या आईला, जमनाला, सगळं सांगितलं. एवढं झाल्यावर दुसऱ्या कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. जमना बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. मंगळवारी ती गिऱ्हाइकांना सांगत होती, की एक फोरमन खाडीवर धावणार हाय. गुरुवारपर्यंत तो खाडी ओलांडून पलीकडे जाणार होता. शनिवारी वाणगावची माणसं विचारायला लागली, की तो डहाणूला थांबणार की थेट गुजरातेत जाणार.

रविवारी नवापूरच्या खाडीवर जत्रा लोटली. टीव्ही सोडून माणसं आली, पाम गावाहून एक बैलगाडी आली, बर्फाचा गोळेवालाही आला. जमनाने तर बोईसरला जाऊन नर्मदाबाईंना हाताला धरून एस.टी.त बसवून आणलं. "चल बाय, तुजा घोव धावनार, आनी तू घरात बसतस काय?" नर्मदाबाईंना अर्धंच कळलं, पण हात इतका घट्ट धरला होता की नाही म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याच्या पायांत पिंपांची झाकणं बघून त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. मनातून मात्र त्यांना जरा कसंतरीच झालं. आपण रागात बोललो आणि हे येडं माणूस खरंच उभं राहिलं की!

महादूचा बेत तसा चोख होता. भरतीला खाडी तुडुंब भरली की सायबांना पळू द्यायचं, ते डुबकी मारतीलच, मग आपण होडी घेऊन मध्ये उभं राहायचं आणि अलगद उचलून घ्यायचं. भरती आली. खाडी भरली. महादू होडी घेऊन मध्ये गेला. नागोरावांनी कमरेला धोतर खोचलं, आणि जमना कडाडली, "थांबा! नारल कुठं हाय?"

नवी होडी पाण्यात घालायची तर आधी नारळ फोडून पूजा करतात, मग इथे तर नवीन माणूस पाण्यावर घालायचा होता! नारळ कुणीच आणला नव्हता. एकाने आणला तो नासका निघाला. मग दुसऱ्यासाठी सायकल धाडली, तिची चेन पडली. नारळ आला तर हळदीकुंकू नाही. मग गोळेवाल्याला आठवलं की मोठ्या माणसाचं भाषण झालं पाहिजे, आणि कुणीतरी खरंच भाषण केलं, आणि ते लांबलं. या गडबडीत खाडीकडे कुणी बघितलंच नाही. खाडी काय, नारळासाठी थोडीच थांबते!

नारळ फुटला तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, लागून पाणी केव्हाच ओसरलं होतं. उरला होता नुसता चिखल, आणि त्यावर चमचमणारं बोटभर पाणी. नवापूरच्या पोराटोरांना ते एका नजरेत कळलं असतं. पण परभणीच्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. मध्ये चिखलात रुतून बसलेल्या होडीतून महादू जिवाच्या आकांताने ओरडला, "सायेब, नको! सुकती लागली! चिखल हाय!" नागोरावांना वाटलं, पोरगा उत्तेजन देतोय.

ते धावले. आणि काय सांगू, पहिली काही पावलं खरोखर जमली! फटाक फटाक झाकणं वाजली, पाणी उडालं, काठावरून एकच आरोळी उठली. नर्मदाबाईंनी पदर खाली केला. तेवढ्यात डावं झाकण आत गेलं, मग उजवं, आणि फोरमनसाहेब मांडीपर्यंत खाडीत उभे राहिले. ओढावं तर झाकणांनी खालून चिखल असा धरलेला, की पाय तसूभर हलेना. हलायला गेले तर कमरेपर्यंत गेले.

काठावरच्या कोळणी मुळीच घाबरल्या नाहीत. जमनाने तोंडाशी हात धरून धीर दिला, "भाऊ, काय काळजी नको! परत भरती आली का चिखल सैल होतो, आपोआप सुटाल!"

"आणि पाणी डोक्यावरून गेलं तर?" नागोराव ओरडले.

जमनाने प्रामाणिकपणे सांगितलं, "तरी पन सुटाल!"

ती आपली गंमत करत होती. फळ्या आणायला माणसं आधीच धावली होती. पण नर्मदाबाईंना एवढंच कळलं, की पाणी येणार आणि ते नवऱ्याच्या डोक्यावरून जाणार. त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि कुणी अडवायच्या आत त्या निघाल्या. थेट चिखलावरून! "आहो, थांबा तिथंच! हलू नका!" असं ओरडत, पायाखाली काय आहे हे न बघता, त्या अशा सुटल्या की टाच टेकायच्या आत उचलली जात होती. ना रुतल्या, ना घसरल्या. अख्खी खाडी तोंडात बोटं घालून बघत राहिली. महादू तर होडीत उभा राहून नाचायलाच लागला. "धावली! सायेब, बाय धावली!"

नवऱ्यापाशी पोचून त्या थांबल्या, आणि थांबल्याबरोबर गुडघ्यापर्यंत आत गेल्या.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर धरली.

"तूच की!"

"मी म्हणलं म्हणून लगेच पळायचं? उद्या म्हणले विहिरीत उडी टाका, तर टाकाल?"

"तू राहणार असशील तर टाकीन."

नर्मदाबाईंना रडू फुटलं, आणि रडत रडतच त्यांनी नवऱ्याला दोन चापट्या मारल्या. तोवर फळ्या आल्या, आणि माणसांनी त्या चिखलावर टाकून दोघांना आडवं करून ओढत काठावर आणलं. झाकणं अजून तिथेच असतील.

पुढे जे झालं ते मात्र कुणाच्याच बेतात नव्हतं. बायकांनी नर्मदाबाईंना जमनाच्या अंगणात नेलं, ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, कोरं लुगडं नेसवलं. जी ती "धावनारी बाय कुठं हाय?" म्हणत बघायला यायची. आल्यापासून पहिल्यांदाच बोईसरकडच्या बायकांचं बोलणं नर्मदाबाईंना कळत होतं, आणि न कळलं तरी हसू येत होतं. नागोरावांच्या वाट्याला विहिरीवरची एक बादली आली. ती त्यांनी स्वतःच ओढली.

सोमवारी कारखान्यात त्यांच्या टेबलावर पिंपाची दोन नवी झाकणं होती, वर झेंडूचा हार. पलीकडच्या खात्यातला भय्या हात जोडून म्हणाला, "साहब, भाभीजी को नमस्ते बोलना." मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, गंभीर चेहऱ्याने खुर्ची दिली, आणि तोंड उघडायच्या आत त्यांनाच हसू आवरेना. नागोराव रजेचा अर्ज टाकून दुपारीच घरी आले.

संध्याकाळी खंडेराव पोचले तेव्हा ट्रंक दारात भरून तयार होती आणि नागोराव तिच्यावर बसले होते. आत नर्मदाबाई जमनाशी गप्पा मारत होत्या.

"चल नर्मदे, आवर," खंडेराव म्हणाले. "रातच्या गाडीनंच निघू."

"मी कुठं येतेय, दादा? माझी माणसं आहेत इथं."

"मग ही ट्रंक कुणाची?"

नर्मदाबाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांची. रजा काढलीय म्हैन्याची. गावाकडं घेऊन जा जरा. इथले लोक हसायचे थांबले, की कळवते मी." आणि नागोरावांच्या खांद्यावरची धूळ झटकत त्या हळूच म्हणाल्या, "लवकर या बरं का. आन् येताना चांगली ज्वारी आणा, जमनामावशीला भाकरी थापायला शिकवायचीय."