डावखर सर आणि पाचवं कॉलेज

कुठल्याही नव्या मैदानावर गेले की डावखर सर आधी आडवे व्हायचे. अगदी खरोखरचे. बूट काढायचे, टोपी पोटावर ठेवायची आणि मैदानाच्या बरोबर मध्यभागी उताणं पडून डोळे मिटायचे. मग ते काही बोलेपर्यंत बाकीच्यांनी उन्हात उभं राहायचं. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच निकाल यायचा. "इथं पूर्वी बाजरी होती." किंवा, "पूर्वेला उतार आहे. त्या बाजूचा गोलकीपर लग्नाचा असेल तर त्याला बदला, तोंड फुटेल."

सर नगरच्या आमच्या कॉलेजात जिमखाना सांभाळायचे. मी तिथं अर्थशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. एकोणीसशे सत्तर उलटून गेलं होतं. जिल्ह्यातल्या चार कॉलेजांचं एक फुटबॉल मंडळ होतं आणि चारी संघ एकमेकांना इतके पाठ झाले होते, की कोण कुठल्या मिनिटाला पाय धरून लोळणार हेही प्रेक्षक आधीच सांगत. म्हणून पाचवं कॉलेज घ्यायचं ठरलं. अर्ज दोन आले, जागा एक. पाहणीला सरांना नेमलं, आणि अहवाल लिहायला मला. माझं अक्षर चांगलं होतं आणि लग्न झालेलं नव्हतं, एवढीच माझी पात्रता.

"शेवाळे," सर मला म्हणाले, "तुम्हाला फुटबॉल येतो का?"

"नाही."

"उत्तम. म्हणजे मधे बोलणार नाही. एक लक्षात ठेवा, बॉल गोल, बाकी सगळं वाटोळं!"

हे वाक्य ते कशालाही लावत. पगार उशिरा झाला, बॉल गोल. प्राचार्य रागावले, बाकी सगळं वाटोळं.

पहिली फेरी संगमनेरची. एस.टी.त सरांनी खिडकीची जागा धरली आणि तिथं बॉल बसवला. शेजारी स्वतः बसले. कंडक्टर आला.

"आन् ह्यो कोन?"

"आमच्याबरोबर आहे."

"ह्याचं तिकीट?"

सर क्षणभर गंभीर झाले. "तीन वर्षं पूर्ण झालीत. हाफ द्या."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी बाहेर पाहिलं. त्यानं खरोखर हाफ तिकीट फाडलं. राहुरीला एक म्हातारी गाठोडं घेऊन चढली, तर सर ताडकन उठले आणि तिला आपली जागा दिली. संगमनेरपर्यंत सर उभे, म्हातारी बसलेली आणि तिच्या शेजारी बॉल. "तिकीट काढलंय त्याचं, त्याला कसं उठवायचं?" असं ते मला दांड्याला लोंबकळत समजावत होते.

संगमनेरच्या कॉलेजानं स्वागत झोकात केलं. हार, बासुंदी, आणि मैदान तर असं हिरवंगार की म्हशीनं पाहिलं असतं तर हरखून गेली असती. सर मधोमध गेले आणि आडवे झाले. आम्ही कुणी काही सांगायच्या आत तिथले प्राचार्य ओरडले, "अरे, सरांना भोवळ आली! कांदा आणा, कांदा!" शिपाई धावला. फोडलेला कांदा सरांच्या नाकाला लागला. सर डोळे न उघडता म्हणाले, "माती छान आहे. पण कांद्याचा वास येतोय."

उठून बसल्यावर त्यांनी आपला ठरलेला प्रश्न टाकला. तो मला तेव्हा पहिल्यांदाच ऐकायला मिळाला. "हरल्यावर तुमची पोरं कुठं बसतात?"

"आमची मुलं हरत नाहीत," प्राचार्य अभिमानानं म्हणाले.

सरांनी मान डोलावली आणि बासुंदीची दुसरी वाटी नाकारली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मिरजगावला गेलो. कॉलेज नवंकोरं, म्हणजे एक पत्र्याची शेड आणि बरीचशी उमेद. मैदान म्हणजे नुसता मुरूम. गोलाच्या जागी बाभळीचे दोन दांडे आणि वर सुतळी. सर आडवे झाले तसे "आई गं!" म्हणून उठले, पाठीत सराटा रुतला होता. पोरं हसली नाहीत, धावत आली. एकानं सराटा काढला, दुसऱ्यानं सदरा झटकला.

"हरल्यावर कुठं बसता रे?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. कॅप्टन पुढं झाला. "त्या लिंबाखाली, सर. लई भांडतो आमी. मग ह्याची आई भाकरी धाडती, ती खातो आन् घरी जातो."

"सगळे एकदम जाता?"

"व्हय. एकाला सोडून न्हाई जात कुनी."

सर बराच वेळ त्या लिंबाकडं बघत राहिले. परतीच्या गाडीत बॉल खिडकीशी नव्हता, सरांच्या मांडीवर होता.

मंडळाच्या बैठकीत मी अहवाल वाचला, शिफारस मिरजगावची. अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, "डावखर, मिरजगावला गवताची काडी नाही!"

"गवत उगवतं."

"खांब नाहीत."

"आमच्या जिमखान्यातले जुने देतो."

"आणि इथं नगरला मॅच संपेपर्यंत त्यांची शेवटची गाडी निघून जाते. ती सगळी पोरं रात्रभर ठेवायची कुठं? लॉजला पैसे कोण देणार?"

संगमनेरच्या बाजूनं हात वर जायला लागले. तसे सर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"माझ्याकडं राहतील."

"सगळी?"

"सगळी. दर वेळी. पुढच्या वर्षी संगमनेर घ्या, त्यांना कुठंही कुणीही घेईल. ह्यांना आपण घेतलं नाही तर कोण घेणार?"

हात हळूहळू खाली आले, आणि मग मिरजगावसाठी वर गेले. शेवटी अध्यक्षांचाही.

पहिल्याच सामन्यात मिरजगाव आमच्याकडून सणसणीत हरलं. त्यांच्या गोलकीपरनं अडवलेला एकमेव चेंडू त्यांच्याच फुलबॅकनं मारलेला होता. सर मात्र लग्नघरातल्या यजमानासारखे फिरत होते, आमच्या गोलला टाळ्या आणि त्यांच्या प्रत्येक पडण्याला "शाब्बास!"

संध्याकाळी मदतीला म्हणून मी सावेडीला त्यांच्या घरी गेलो. तेव्हा सावेडी म्हणजे माळच. एवढ्या दिवसांत मी तिथं कधी गेलो नव्हतो. कुणीच गेलेलं नव्हतं बहुतेक. घर चांगलं ऐसपैस. पोरं अंगणात मोठमोठ्यानं भांडत होती, कुणामुळं हरलो ते ठरवत होती. सर स्वयंपाकघरात पिठल्याच्या पातेल्यात डाव फिरवत होते. पातेलं असं, की त्यात एखादं पोर बसलं असतं.

"एवढी भांडी कुठून आणली, सर?"

"लग्नातली आहेत." ते ढवळत राहिले. "आम्हा दोघांना वाटायचं, घर भरेल. मग मूल झालं नाही, आणि पुढं तीही गेली. कल्हई मात्र मी दर वर्षी करून घेतो."

मी कांदा चिरायला घेतला.

बाहेर कुणीतरी जोरात ओरडलं, कुणीतरी त्याहून जोरात हसलं, आणि एक तांब्या घरंगळत पायरीवरून खाली गेला. मी उठायला लागलो.

"बसा हो," सर म्हणाले. त्यांनी चुलीवरचं पातेलं उतरवलं नाही, वळूनही पाहिलं नाही. नुसता कान दाराकडं लावला होता. "होऊ द्या आवाज."