सात दिवसांचा फूटर

फोल्डरात चारशे नोटिसा होत्या आणि एकीलाही ना हेडर, ना फूटर. कार्यालयप्रमुख सर्जेराव साहेब म्हणाले, "वर ऑफिसचं नाव टाक. खाली टाक, 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई.' दुपारपर्यंत पाहिजे."

संघपाल कंत्राटी ऑपरेटर. महिनाअखेरीला कंत्राट संपत होतं. मुदतवाढीचा अर्ज त्यानं तीनदा दिला; तिन्ही वेळा साहेबांनी त्यावर पोह्यांची बशी ठेवली. चारशे फायली हातानं उघडायला तो काही येडा नव्हता. व्हिडिओ बघून शिकलेल्या कोडच्या बारा ओळी लिहिल्या: फोल्डरातली प्रत्येक फाइल उघड, वर हेडर घाल, खाली फूटर घाल, बंद कर. चहा निवायच्या आत काम फत्ते.

कोडला प्रत्येक म्हणजे प्रत्येक. साहेबांनी लेकीचा, संस्कृतीचा लग्नाचा बायोडाटाही तिथंच ठेवला होता, मुलाचे वडील सिल्लोडचे बन्सीभाऊ यांच्या नावच्या पत्रासकट. घरच्या प्रिंटरला शाई लागते ना! छापील गठ्ठा आला. साहेबांनी न वाचता चारशे एक सह्या ठोकल्या. जावक टेबलावरच्या रूपाताईंनी हेडर बघितलं, नंबर टाकला, शिक्का हाणला, रजिस्टर पोस्टानं धाडून दिलं.

सहाव्या दिवशी बन्सीभाऊ घामाघूम होऊन हजर. "साहेब, खुलासा आणलाय. पोराचा फोटो सात वर्षांमागचा हाय. आता टक्कल पडलंय. बारा एकर लिवली ती चुलत्याची धरून."

"तुम्हाला विचारलं कुणी?"

"तुमीच की! ही काय सही. कारवाई तेवढी करू नका, हात जोडतो."

बन्सीभाऊ गेले, स्थळही गेलं. साहेबांनी संघपालला आत घेतलं. "माझ्या लेकीची नोटीस काढतो व्हय रे?"

"सही तुमची हाय, साहेब."

"लई बोलाया लागला. एक तारखेपासून येऊ नको."

संघपाल जागेवर आला. आपला अर्ज चौथ्यांदा काढला, त्याच बारा ओळी त्यावर चालवल्या आणि सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला. साहेबांनी सही ठोकली. रूपाताईंनी नंबर टाकला, शिक्का हाणला. अर्ज कार्यालयप्रमुखांच्या नावचा, म्हणून दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्याच टेबलावर आला.

वर हेडर, खाली फूटर, मधे शिक्का. साहेबांनी बशी उचलून बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा अर्ज वाचला. सही आपलीच, हे त्यांना कळलं नाही. ती त्यांनी आजवर कधी नीट पाहिलीच नव्हती.

तीन दिवस साहेब जेवले नाहीत. महिनाअखेरीला स्वतः संघपालच्या टेबलाशी आले.

"बाळा, एवढं टाइप करून दे. 'मुदतवाढीस विलंब झाला, दिलगीर आहे. आदेश सोबत जोडला आहे.'"

"हेडर घालू का, साहेब?"

"घाल," साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. "पण खाली ते नको हां. मला भ्या वाटतं."