विलायती पेट्यांची व दुभाषी सूनबाईंची हकीकत

श्री. जिच्या प्रसादे मनुष्य घरबसल्या परमुलुखीचे खून पाहतो आणि निवांत वरणभात जेवतो, त्या पडद्यावरील देवतेस प्रथम नमन. शके १९३४, नंदननाम संवत्सरे, आश्विन मासापासून जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहितो. पदरचे घालणे आमच्या स्वभावी नाही. घातले असल्यास चवीपुरते.

एक राज्य होते, त्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. तिसऱ्या मजल्यावर वसलेले, पूर्वेस जिना, पश्चिमेस सज्जा, मध्ये दिवाणखाना, आणि दिवाणखान्यात पंख्याखाली एक खुर्ची, तीच गादी. त्या गादीवर आईसाहेब द्वारकाबाई विराजमान असत आणि त्यांचे माघारी तिजवर बैसावे ऐसी कोणाची छाती नव्हती. त्यांचे चिरंजीव श्रीरंगराव बँकेत मोठे अधिकारी, कचेरीच्या कामे एकवार आठ दिवस विलायतेस जाऊन आले आणि तेव्हापासून जरा भुरभुर पाऊस आला की "अगदी लंडन!" म्हणो लागले. त्यांची स्त्री उज्ज्वलाबाई, माहेर कुडाळचे, स्वभावे मितभाषी, कामास वाघ. या सासूसुनांत लढाई म्हणावी तर नव्हती, परंतु सलूखही नव्हता. कारण ऐसे की, काही वर्षांमागे सूनबाईंची आई कुडाळास वारली, आणि सूनबाई दिवस करून परत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या, मांडणीवरची झाडून सारी भांडी खाली उतरविली आणि घासावयास बैसल्या. तेव्हा समाचारास आलेल्या बायकांजवळ आईसाहेब बोलोन गेल्या, "आमची सून बाई घट्ट काळजाची. सख्खी आई गेली, पण डोळ्यांत टिपूस नाही." आणि भिंत ती केवढी? सूनबाईंनी ऐकिले. त्या दिवसापासून "भाजी कुठली करू" आणि "गोळी घेतलीत का" इतकाच उभयपक्षी पत्रव्यवहार राहिला. सूनबाईंनी माहेरचा बिडाचा तवा माळ्यावर टाकला आणि कुडाळचे नाव म्हणून काढिले नाही. ज्याचे जळते त्याला कळते ऐसे लोक म्हणोत, आम्हांस काय त्याचे, आम्ही आपले लिहितो.

ऐसियास श्रीरंगरावांचे मनी आले की विलायती नाटके घरी आणावी. मग त्यांनी परमुलुखी दुकानदाराशी संगणकावरून बोलणे लाविले आणि तबकड्यांची एक भरगच्च पेटी मागविली. ती समुद्र उल्लंघून, जकातीच्या चौकीवर बहुत दिवस अडकोन, अखेर हरकाऱ्याचे हाती दारी आली. आईसाहेबांनी सवयीने तिला हळदकुंकू वाहिले. मग तबकडी यंत्रात घातली तो यंत्राने ती घेऊन परत बाहेर टाकिली. पुनः घातली, पुनः टाकिली. तपास करिता कळले की तबकडीच्या पाठीवर पृथ्वीचे चित्र आणि त्यात मुलुखाचा अंक छापिला आहे. तबकडी मुलुख दोनची, यंत्र मुलुख पाचचे, सबब उभयतांचे जमत नाही. श्रीरंगराव संतापोन बाजारी गेले आणि सर्व मुलुख मानणारे, कोणाशी वैर नसलेले ऐसे स्वस्तातले यंत्र घेऊन आले. ते मात्र मुकाट चालले. मग रोज संध्याकाळी आठ वाजता आईसाहेबांच्या मराठी मालिका बंद करून विलायती नाटक सुरू जाहले, आणि श्रीरंगराव कोचावर पाय पसरून म्हणाले, "बघ, याला म्हणतात अभिनय!" आणि पंधरावे मिनिटी घोरू लागले. पेट्या विकत घेणे हाच त्यांचा पराक्रम, पाहणे इतरांनी.

आता गादी तर दिवाणखान्यात, आणि आईसाहेब उठोन जातील तर त्या आईसाहेब कसल्या! त्या जपमाळ घेऊन तेथेच ठाण मांडून बसल्या आणि विचारो लागल्या, "हा कोण गं? ही त्याची कोण? अशी का बघते ती?" श्रीरंगराव झोपेतून म्हणत, "आई, मध्ये बोलू नकोस." म्हणोन सूनबाईंनीच, तूरडाळ निवडता निवडता, पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचून सांगावयास आरंभ केला. येणेप्रमाणे त्या राज्यात दुभाष्याचा हुद्दा उत्पन्न जाहला. नाटक ऐसे की, कालव्याकाठी एक फौजदार नावेत राहतो, गावात मुडदे पडतात, तो भिजत भिजत फिरतो. नाव हॅरल्ड, आईसाहेबांनी त्याचा हरबा केला. त्याच्या नावेत मार्था म्हणोन एक बाई राहे, तिची मथुरा जाहली. पहिलेच दिवशी आईसाहेबांनी पुसले, "ही बायको का त्याची?" अक्षरांत तर स्वच्छ लिहिले होते की लग्न जाहलेले नाही. सूनबाईंनी क्षणभर आईसाहेबांच्या हातातील माळेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हो आई, बायकोच." बस! पहिले खोटे ते हे. मग एकातून एक निघत गेले. हरबा बाटलीतून जे पिई तो खोकल्याचा काढा जाहला, आणि त्याजवर ओरडणारा वरचा साहेब चुलतसासरा जाहला, कारण ओरडण्याचा अधिकार आणखी कोणास?

आणि आणिक एक अडचण होती. विलायती माणसे नाटकात बोलतच नाहीत. खिडकीशी उभी राहतात, पाण्याकडे पाहतात, चहाचे आधण ठेवितात, आणि आपण आपले पाहत बसावे. तेथे आईसाहेब विचारीत, "आता काय झालं?" मग सूनबाई त्या गप्प माणसांच्या मनातले सांगत. "त्याला वाटतंय, कालच बोललो असतो तर बरं झालं असतं." "ती रागावली नाहीय हो आई, दमलीय." कोणास विचारून सांगत? कोणास नाही. परंतु ऐसे सांगत की आईसाहेबांची माळ हातात थांबे आणि त्या म्हणत, "हं. खरंय. असंच होतं." हळूहळू आठाच्या आधीच आईसाहेब हाक मारो लागल्या, "उज्ज्वला, ये लवकर, तुझा हरबा आला!" आणि गादीशेजारी बसावयास एक वेताचा मोडा आणोन ठेवविला. जो मोडा पूर्वी सज्जात कुंड्यांखाली होता तो धुऊन पुसून दरबारी आला, आणि सूनबाई त्यावर बसो लागल्या. दिवसाकाठची ती एक घटका. ती जाईल की काय या भयानेच सूनबाई आणिक नवे रचीत. दुसरी पेटी आली, तीही अर्धी सरली.

इतक्यात श्रीरंगरावांच्या वडील भगिनी शैलजाताई मुक्कामास आल्या. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकविलेल्या, चष्मा दोरीस बांधलेला, चूक दिसली की हात शिवशिवे. संध्याकाळी दरबार भरला, ताईंनी हे नाटक पूर्वीच पाहिलेले, आणि आईसाहेब त्यांस हरबाच्या काढ्याचे सांगो लागल्या. आणि दैव कैसे पाहा, नेमके त्या दिवशी पडद्यावर हरबा आणि मथुरा फुले घेऊन देवळात उभी, पाद्री मंत्र म्हणतो, लोक टाळ्या पिटितात! आईसाहेब पुढे वाकल्या. "अगं, हे काय? यांचं लग्न?" सूनबाईंचे तोंडचे पाणी पळाले. परंतु हुशारी मोठी, म्हणाल्या, "नाही आई, लग्न नव्हे. साठीशांत आहे त्याची." आईसाहेबांस पटलेही. त्या म्हणाल्या, "तरीच. केस पिकलेत मेल्याचे." आणि शैलजाताई जे हसल्या ते चष्मा नाकावरून घसरेतो. "साठीशांत! अगं आई, लग्नच आहे ते! इतके दिवस बिनलग्नाचीच राहत होती दोघं. आणि काढा कसला, दारू पितो तो! उज्ज्वला, काय सांगतेस तू आईला?"

दिवाणखान्यात ऐसे सामसूम जाहले की श्रीरंगरावसुद्धा जागे जाहले. आईसाहेब गादीवरून सूनबाईंकडे वळल्या. त्यांस दारूचे काही नव्हते, बिनलग्नाचेही फारसे नव्हते. म्हातारीने मराठी मालिकांत याहून बहुत पाहिले होते. त्या म्हणाल्या, "रोज माझ्या शेजारी बसून मला फसवलंस?" सूनबाई म्हणाल्या, "आई, तसं नाही..." जी बाई परक्या मुलखातल्या मुक्या माणसांची मने बोलोन दाखवी, तीस स्वतःचे एक वाक्य बोलता येईना. आईसाहेब म्हणाल्या, "जा. कुकर लाव." मग दुभाष्याचा हुद्दा काढोन शैलजाताईंस दिधला, त्या मोड्यावर बैसल्या, आणि सूनबाई स्वयंपाकघरात हद्दपार जाहल्या. "भाजी कुठली करू" आणि "गोळी घेतलीत का" हा जुना कारभार पुनः सुरू जाहला. सूनबाईंस फार लागले. भाजी चिरता चिरता त्या बाहेरचा आवाज ऐकत, आणि बाहेर पाऊस पडतोय की नावेत पाणी शिरतेय हे आवाजावरून ओळखीत, परंतु पाऊल उंबऱ्याबाहेर टाकीत ना.

इकडे शैलजाताईंचा अंमल सुरू जाहला. अंमल चोख. जे लिहिले ते सांगावे, जे लिहिले नाही ते सांगू नये. "तो म्हणतो, पाऊस आहे." बरे. "ती म्हणते, हो." पुढे? "पुढे काही नाही." "मग तो असा का उभा आहे?" "आई, ते लिहिलेलं नाही." आईसाहेबांस जांभया येऊ लागल्या. माळ सुरळीत फिरू लागली. एकवार तर त्या श्रीरंगरावांआधी पेंगल्या, हे त्या राज्याच्या इतिहासात अपूर्व. तरी शब्द फिरविणे नाही, कारण गादी ती गादी.

मग एके संध्याकाळी ऐसे जाहले. हरबाची आई मेली. तीस पुरोन घरी आला, भिजलेला कोट खुंटीस लाविला, आणि नावेतल्या मोरीपाशी उभा राहोन कपबश्या विसळू लागला. एक विसळी, पुसे, ठेवी. पुनः दुसरी. किती वेळ! आईसाहेबांनी पुसले, "हे काय करतोय हा?" शैलजाताई म्हणाल्या, "कप धुतोय." "अगं ते दिसतंय मला. आई गेली ना त्याची? मग रडत का नाही?" "आई, अक्षर नाही एकही. नुसता नळाचा आवाज." आईसाहेब चिडोन म्हणाल्या, "दगडाचाच दिसतो मेला."

तो स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. सूनबाई उभ्या होत्या, हातास कणीक, आणि पडद्याकडे न पाहताच बोलल्या, "दगडाचा नाही तो. हात थांबले तर रडू येईल, आणि एकदा आलं की थांबायचं नाही, म्हणून धुतोय. घरात परकी माणसं असली की असंच करावं लागतं." इतके बोलल्या, आणि आपण काय बोललो हे कळोन हाताची कणीक खरडू लागल्या. शैलजाताई म्हणाल्या, "हे कुठं लिहिलंय?" आईसाहेबांनी हात वर करून त्यांस गप्प केले.

"तू तेव्हा सगळी मांडणी उतरवली होतीस," आईसाहेब म्हणाल्या.

"हो."

"मी त्या बायकांना जे बोलले, ते ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं, आई."

आईसाहेबांची माळ मांडीवर पडली. म्हणाल्या, "मला कळलं नाही गं तेव्हा. मीच मेली दगडाची." आणि मग एकदम हुजुरी आवाज काढून आज्ञा केली, "श्रीरंग, आवाज बंद कर त्याचा." श्रीरंगराव दचकोन म्हणाले, "अगं आई, त्या उच्चारांसाठी तर पेटी आणली!" "बंद कर म्हणते ना! शैला, ऊठ त्या मोड्यावरून. उज्ज्वला, हात धू आणि इथं बस. याची आई कशी होती ते सांग."

सूनबाई बसल्या. म्हणाल्या, "आई, खरं मला काहीच ठाऊक नाही त्याच्या आईचं. लिहिलेलं नाहीय कुठं." आईसाहेब म्हणाल्या, "लिहिलेलं नकोय मला. तू सांग." पडद्यावर हरबा मुकाट कपबश्या धूत होता. सूनबाई हळूच सांगू लागल्या, "त्याची आई आंबोळ्या करायची. बिडाच्या तव्यावर. पहिली नेहमी चिकटायची, ती स्वतः खायची. दुसरी त्याला द्यायची, आणि तो शाळेतून येईपर्यंत..." शैलजाताईंस राहवेना. "आंबोळ्या? अगं, इंग्लंडात?" आईसाहेब त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "तू गप्प बस." मग सूनबाईंस हळूच पुसले, "कुडाळला करतात तशाच?" सूनबाई म्हणाल्या, "तशाच." आणि इतक्या वर्षांचे जे राहिले होते ते आले, हुंदका कैसा तो आवरेना. आईसाहेबांनी आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "रड बाई. हरबासाठी रड."

येणेप्रमाणे सलूख जाहला. दुसरे दिवशी बिडाचा तवा माळ्यावरून उतरला. श्रीरंगरावांनी तिसरी पेटी मागविली, तीही जकातीच्या चौकीवर अडकली आणि यथाकाल पोहोचली. सांप्रत त्या राज्यात रोज आठ वाजता विलायती नाटक होते, उत्तम उच्चारांचे, आवाज बंद करून. शैलजाताई आपल्या मुलुखी परत गेल्या आणि फोनवर अजोन वाद घालितात, परंतु त्या राज्यात आता ही गोष्ट निर्विवाद आहे की विलायतेच्या फौजदाराची आई आंबोळ्या फार सुरेख करीत असे, आणि पहिली आंबोळी स्वतः खात असे.