दोन वैद्यांची एक सांबरीण

एका जंगलात, मुलांनो, दोन मोठे वैद्य राहत. ओढ्याच्या अलीकडे साळिंदर, पलीकडे मुंगूस. दोघंही हुशार. पण एकमेकांशी बोलणं बंद. भांडणाचं कारण कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून ते मिटतही नव्हतं.

त्याच जंगलात रेवाक्का नावाची सांबरीण होती. तिला कर्करोग झाला. एक गाठ मानेत, एक बरगडीपाशी, आणि फुप्फुसात तर दाणे पेरल्यासारख्या बारीक बारीक. तिचं पाडस अजून दूध पीत होतं.

ती साळिंदराकडे गेली. त्यानं आपल्या काट्याच्या टोकानं मानेतल्या गाठीत सोन्याचे कण सोडले. इतके बारीक, की मुंगीलाही दिसू नयेत. मग वरून खास उजेड टाकला. कण तापले आणि गाठ आतल्या आत भाजून निघाली.

"यशस्वी!" साळिंदर म्हणाला.

"आणि बाकीच्या गाठी?"

"अक्का, उजेड पोचतो तिथवरच माझं शास्त्र."

ती ओढा ओलांडून मुंगसाकडे गेली. मुंगूस म्हणाला, "आपल्या रक्तात पहारेकरी असतात. हा रोग त्यांना गुंगी देतो. मी त्यांना जागं करतो."

त्यानं औषध दिलं. पहारेकरी जागे झाले, गस्त घालू लागले, आणि गाठींना घरचंच कुणी समजून रामराम करून पुढे गेले.

"पहारेकरी जागे आहेत," मुंगूस म्हणाला. "चोर ओळखू येत नाही, हा चोराचा दोष."

आता चार पावलं चालली तरी रेवाक्काला धाप लागे. ती म्हणाली, "वैद्यबुवा, पहारेकरी जागे असताना साळिंदरबुवांनी गाठ भाजली तर? फुटलेल्या गाठीत चोराचं तोंड दिसेल की!"

"त्याच्याबरोबर? शास्त्र बाटेल!"

साळिंदरही अगदी हेच म्हणाला. एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

तेव्हा रेवाक्का ओढ्याच्या मधोमध जाऊन बसली. "मी इथंच मरते," ती म्हणाली. "कोणाच्या हातून मेले, ते तुमचं तुम्ही ठरवा."

दोन्ही वैद्यांचे चेहरे उतरले. बऱ्याच वर्षांनी साळिंदर मुंगसाशी बोलला. "एकत्र उपचार केले, तर बदनामी निम्मी निम्मी होईल."

"चालेल," मुंगूस म्हणाला.

मुंगसानं पहारेकरी जागवले. साळिंदरानं बरगडीपाशची गाठ भाजली. ती फुटली, तिचे तुकडे बाहेर सांडले आणि पहारेकऱ्यांना प्रथमच चोराची ओळख पटली. मग ते माग काढत थेट फुप्फुसात शिरले.

बांबूला नवे कोंब आले, तेव्हा रेवाक्का टेकडी चढून पाडसाला हाका मारत होती.

आता खरं भांडण सुरू झालं. "माझ्यामुळे!" "छट्, माझ्यामुळे!" प्रकरण हत्तीआजोबांच्या पंचायतीत गेलं. आजोबांनी पुष्कळ विचार करून निकाल दिला, "ही कोणामुळे बरी झाली हे ठरेपर्यंत एकत्र उपचार बंद."

मागे एक गवा उभा होता. त्याच्याही मानेत गाठ होती आणि पोटात बऱ्याच.

"तोवर मी काय करू?" त्यानं विचारलं.

"धीर धर," आजोबा म्हणाले.

रेवाक्कानं गव्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि ती खच्चून खोकली.

आजोबा दचकले. "अगं, अजून खोकतेस?"

"मग? मी बरी झाले, असं मी कधी म्हटलं?"

साळिंदर चटकन मागे सरला. "उपचार मुख्यतः मुंगूसरावांचे होते."

"छे छे, पहिला मान साळिंदरपंतांचा!"

श्रेयाचा वादच संपला. आजोबांनी बंदी उठवली, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वैद्य गव्याशेजारी मुकाट्यानं खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

तात्पर्य: बरं वाटल्यावर वैद्यांचे आभार मानण्याची घाई करू नये. त्यांच्यासमोर थोडं खोकावं. मागे रांगेत कुणीतरी उभं असतं.