कंडक्टरने सुकाणूला हात लावायचा नसतो

धरणाच्या ऐन मध्यावर शिडात वारा भरलाय, होडी थेट काळ्या खडकावर निघालीय, सुकाणू हाताच्या अंतरावर आहे आणि तरीही जो माणूस "आपली ड्यूटी नाही" म्हणून डोलकाठीला मिठी मारून बसतो, तो म्हणजे आमचा वारघडे मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, एस.टी.तला. जव्हार-मोखाड्याच्या वळणांवर याने उभा जन्म तिकिटं फाडली. रिटायर झाल्यावर लोक भजनाला लागतात. याने मोखाड्याकडच्या धरणावर एक जुनी मासेमारीची होडी घेतली, खळ्यावरची निळी ताडपत्री शीड म्हणून चढवली, भंगारातलं बसचं स्टिअरिंग आणून दोरीने सुकाणूला जोडलं, मागे फाटकी सीट ठोकली आणि डोलकाठीला घंटी टांगली. थंडीतला रविवार, गोड ऊन, मऊ वारा, डब्यात नाचणीची भाकर नि खुरासणीची चटणी. मी आणि पोशेऱ्याचे गावित गुरुजी हे दोघे कायमचे पॅसेंजर.

फक्त त्या सीटवर बसायची आम्हाला बंदी. "भोयाची आहे ती."

भोया म्हणजे भोये, मास्तरांचा ड्रायव्हर. सगळी नोकरी दोघांनी एकाच गाडीवर काढली. पावसाळ्याआधी त्याला लकव्याचा झटका आला. डावा हात लुळा राहिला. हलवत राहिलात तर सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. पण हा साखरशेत गावी घराच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. "आपला ब्रेक फेल, मास्तर," एवढंच बोलायचा.

मास्तर दर शनिवारी जाऊन सांगायचे, "भोया, उद्या ड्यूटी लागलीय तुझी." भिंत ऐकायची, भोया नाही.

रविवारी आम्ही होडीत बसून थंडीने कुडकुडायचो आणि मास्तर रस्त्याकडे बघत उभे. "थांबा जरा. ड्रायव्हर चहा पितोय." ऊन डोक्यावर आलं की गपचूप दोन घंट्या. टिंग टिंग. निघाली गाडी, ड्रायव्हरशिवाय!

मग होडी मनाला येईल तिकडे. एकदा म्हशींच्या कळपात घुसली. त्यातली एक म्हैस अजून मला ओळख दाखवते. एकदा पलीकडच्या लग्नात लागली. वऱ्हाडी समजून आम्हाला ओवाळलं, आणि आहेर न देता परतलो म्हणून नवरीची आत्या अजून रुसलेली आहे. एकदा तर असा वारा भरला की धरण थोडं लांब असतं तर थेट गुजरात लागला असता. परतीला वल्ही आमच्या हातात. पॅसेंजरने धक्का मारायला नियमात बंदी नाही म्हणे!

"मास्तर, वळवा! खडक!" गुरुजी किंचाळायचे.

"कंडक्टर गाडी चालवत नाही, गुरुजी. सस्पेंड करवताय का मला?"

"कोण करणार सस्पेंड? तो पाणकावळा?"

मास्तरांना पोहता येत नाही. डोळे घुबडासारखे वटारलेले. मी म्हणायचो, "जरा डोळे मिटा, ऊन खा."

"ड्रायव्हर नसताना डोळा लागू द्यायचा नसतो."

आणि परवाच्या रविवारी रस्त्यावर जीप थांबली. आधी भोयेवहिनी उतरल्या. "घ्या तुमचा ड्रायव्हर. दर शनिवारी येऊन माझा चहा संपवता मास्तर, त्यापेक्षा हाच पाण्यावर गेलेला बरा."

मागून भोया उतरला. आम्ही धरून त्याला सीटवर बसवलं. बराच वेळ तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. गुरुजींनी श्वास रोखलेला. मग उजव्या हाताने स्टिअरिंग जरा हलवलं आणि तोंड वाकडं केलं.

"किती प्ले आहे ह्याला, नुसतं ढिलं, मास्तर! अशी गाडी देतात होय?"

"डेपोत लिहून दे. चल आता, लेट झालोय."

भोयाने डावा हात उजव्याने उचलून स्टिअरिंगवर ठेवला. बोटं हळूहळू वळली. टिंग टिंग.

होडी सरळ निघाली हो! काळा खडक आला आणि लांबून, अदबीने निघून गेला. गुरुजींनी हिवाळाभराचा श्वास सोडला, त्यानेच शीड फुगलं असावं.

"मास्तर, बघितलंत?" म्हणून मी वळलो, तर डोलकाठीपाशी कोणी नाही. बघतो तो, मास्तर खाली पोत्यावर आडवे. डोक्याला मफलर, तोंड उघडं, गाढ झोपलेले. हात पुढे करून मी त्यांना हलवणार, तेवढ्यात भोया पाण्यावरची नजर न काढता म्हणाला,

"असू द्या. शेवटच्या गाडीला घाट लागला की झोपायचाच तो. मी असायचो ना."

आणि पुढचं वळण त्याने इतकं अलगद घेतलं, की घंटीसुद्धा वाजली नाही.